चिठ्ठीवरचे गाव

मराठी वाचकाला सिल्वासा माहीत असते ते मुक्तिसंग्रामामुळे. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटले. त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसे जिवावर उदार होऊन उतरली होती. पुढे कारखानदारी वाढली आणि सिल्वासाचे नाव वापीच्या जोडीने घेतले जाऊ लागले. खनिजांचे नमुने जमवणाऱ्यांना मात्र हे गाव वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. परदेशातल्या एखाद्या संग्राहकाच्या कपाटात स्फटिकांचा गुच्छ ठेवलेला असतो आणि त्याखाली एक लहानशी चिठ्ठी असते. चिठ्ठीवर खनिजाचे नाव आणि त्याखाली पत्ता : सिल्वासा, दादरा आणि नगर हवेली, भारत.

स्फटिक कितीही देखणा असला तरी त्याची खरी किंमत या पत्त्यावर ठरते. पत्ता खरा आणि नेमका असेल तर तो नमुना पृथ्वीच्या इतिहासातला पुरावा असतो. पत्ता हरवला की उरते ती दिवाणखान्यातली शोभेची वस्तू. असे का, हे समजण्यासाठी आधी हे स्फटिक दगडात येतात कुठून ते पाहायला हवे.

काळ्या दगडातल्या पोकळ्या

दादरा आणि नगर हवेलीचा सारा प्रदेश अवघा ४९१ चौरस किलोमीटरचा. मधून दमणगंगा वाहते, पूर्वेकडे सह्याद्रीचे फाटे आहेत, एका अंगाला वलसाड जिल्हा आणि दुसऱ्या अंगाला पालघर जिल्ह्यातले तलासरी-जव्हार. पायाखालचा दगड नाशिक-पुण्याचा तोच : बेसॉल्ट, आपल्या बोलीतला काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरांवर थर साचत गेले. झीज होऊन गेल्यावरही आज दख्खनचे हे थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत आणि पश्चिम घाटात त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. सिल्वासाचा परिसर या पसाऱ्याच्या पश्चिम कडेला येतो. इथे आडव्या थरांना छेदून गेलेल्या दगडी भिंती जागोजाग दिसतात. भेगांत शिरलेला लाव्हा तिथेच थिजून त्या तयार झाल्या. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात.

वर येणाऱ्या लाव्हात वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. दाब कमी झाला की त्यांचे बुडबुडे होतात. लाव्हा घट्ट व्हायला लागला की काही बुडबुडे आतच अडकतात. दगड थंड होतो आणि पोकळ्या राहून जातात. काही वाटाण्याएवढ्या, काही माणूस वाकून आत जाईल एवढ्या. पोकळी तयार झाली तेव्हा तिच्यात काहीच नव्हते. स्फटिक आणले ते पाण्याने. वरच्या थरांच्या वजनाखाली गाडलेल्या, अजून कोमट असलेल्या दगडातून पाणी झिरपत राहिले. जाता जाता त्याने बेसॉल्टमधली काच आणि फेल्स्पार कुरतडले, सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सोडियम, पोटॅशियम सोबत घेतले आणि पोकळीत पोचल्यावर तापमान, दाब बदलताच ते ओझे भिंतींवर उतरवले.

फोडलेली पोकळी वाचायची असते ती भिंतीकडून मध्याकडे. दगडाला चिकटून बहुधा हिरवट कातडी असते. ती सेलॅडोनाइट किंवा तत्सम चिकणमातीची. तिच्यावर कधी कॅल्सेडनीचा निळसर-करडा लेप. त्यावर ह्युलँडाइटचे मोत्यासारख्या झळाळीचे चपटे स्फटिक, मग स्टिल्बाइट. स्टिल्बाइटचे पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटून दोन्ही टोकांना असे फाकतात की मध्ये आवळलेली गवताची पेंढीच वाटावी. या साऱ्यांवर अपोफिलाइट आणि शेवटी आलेला कॅल्साइट. प्रत्येक पोकळीत हा क्रम असाच असतो असे नाही. पण कोण कोणावर बसले आहे हे पाहिले की आधी काय घडले आणि नंतर काय, हे कळते.

लाव्हा आणि स्फटिक एकाच वयाचे, असे मानण्याची चूक सहज होते. दख्खनमधल्या काही अपोफिलाइटचे वय किरणोत्सारी पद्धतीने मोजले गेले, तेव्हा ते लाव्हापेक्षा कोट्यवधी वर्षांनी तरुण निघाले. म्हणजे ज्वालामुखी केव्हाच शांत झाले होते आणि डोंगर झिजायला लागले होते, तरी दगडाच्या पोटातले हे काम चालूच होते. तेही एका झटक्यात झाले नाही; मध्ये दीर्घ विश्रांती घेत टप्प्याटप्प्याने झाले.

वाघोलीचे निळे खनिज

दख्खनच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या साऱ्या खनिजांत सर्वांत देखणे कोणते, असे विचारले तर बहुतेक जाणकार कॅव्हन्साइटचे नाव घेतील. पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याला लागले की वाघोली लागते. तिथल्या खाणींतला दगड फोडून त्याची खडी होत असे. त्याच दगडाने जगभरच्या संग्रहालयांना हे निळे खनिज पुरवले.

कॅव्हन्साइट जगाला प्रथम कळले ते अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातून. ते १९६७ मध्ये सापडले आणि लॉइड स्टेपल्स, हॉवर्ड इव्हान्स व जेम्स लिंडसे यांनी १९७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याच शोधनिबंधात पेंटॅगोनाइट या दुसऱ्या नव्या खनिजाचेही वर्णन होते. ओरेगॉनचे स्फटिक इवलेसे होते. वाघोलीत हे खनिज १९७० च्या दशकातच दिसले होते, पण १९८० चे दशक संपता संपता खाणींतून जो माल निघाला त्याने सारे चित्र पालटले. सेंटिमीटरभर व्यासाचे भरीव निळे गोळे पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसून आले. तेव्हापासून जगातला उत्तम कॅव्हन्साइट म्हणजे वाघोलीचा, हे समीकरण पक्के झाले.

एक चांगला नमुना हातात घेऊन दहापट भिंगाखाली धरा. लांबून जो निळा गोळा वाटतो तो खरे तर सुईसारख्या स्फटिकांचा गुच्छ असतो. सगळे स्फटिक एका केंद्रातून निघून सर्व बाजूंना पसरलेले. प्रत्येकाचे टोक वेगळे चमकते, म्हणून नमुना जरासा फिरवला की निळाईवर ठिणग्या धावतात. गोळा मध्येच तुटला असेल तर केंद्रातून निघालेल्या रेषा स्पष्ट दिसतात आणि आतला रंगही बाहेरच्याइतकाच गडद असतो. खाली स्टिल्बाइटचे दुधी पापुद्रे. काही ठिकाणी कॅव्हन्साइट स्टिल्बाइटवर टेकलेला असतो, तर काही ठिकाणी स्टिल्बाइट वाढत वाढत कॅव्हन्साइटच्या पायथ्याला वेढून गेलेला. दोघांची वाढ काही काळ एकत्र चालली होती, हे त्यावरून समजते. कॅव्हन्साइटचा कठीणपणा मोहस् मापपट्टीवर अवघा ३ ते ४. त्यामुळे त्याला पैलू पाडून दागिन्यात बसवणे जवळपास अशक्यच. त्याचे मोल आहे ते जसा सापडला तसा राखण्यात.

पेंटॅगोनाइटची गोष्ट याहून विलक्षण. दोघांचे रासायनिक सूत्र अगदी एकच : कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि प्रत्येक सूत्रामागे पाण्याचे चार रेणू. फरक आहे तो बांधणीत. १९७३ मध्येच इव्हान्स यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दोघांची अणुरचना उलगडली. सिलिकाचे चौपृष्ठक एकमेकांना जोडून जी जाळी होते, तीत कॅव्हन्साइटमध्ये चार आणि आठ घटकांची कडी असतात, तर पेंटॅगोनाइटमध्ये सहा घटकांची. पेंटॅगोनाइटचे स्फटिक जुळे होऊन वाढतात आणि टोकाकडून पाहिले तर पाच पाकळ्यांची चांदणी दिसते. पंचकोनी सममिती स्फटिकाला शक्य नसते. ही चांदणी जुळ्यांच्या मांडणीमुळे नुसती भासते. दोन्ही खनिजे वाघोलीच्या खाणींनी दिली, पण पेंटॅगोनाइट फारच थोडा. नवखा माणूस दोघांत गल्लत करतो. गोल गुच्छ दिसला तर बहुधा कॅव्हन्साइट आणि सुटी, चपटी, टोकदार पाती दिसली तर पेंटॅगोनाइटची शक्यता. खात्री मात्र क्ष-किरण तपासणीनेच होते.

हिरवा आणि निळा, मूळ एक

पुण्याच्या आणखी एका खनिजाने संग्राहकांना वेड लावले, ते म्हणजे हिरवा अपोफिलाइट. अपोफिलाइट बहुधा रंगहीन किंवा पांढरा असतो. पुण्याजवळ पाषाणच्या टेकडीत तो पुदिन्याच्या रंगाचा निघाला. हा हिरवा रंग आला कशामुळे? जॉर्ज रॉसमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७४ मध्ये पुण्याच्या नमुन्यांतून प्रकाश पाठवून वर्णपट तपासला आणि उत्तर दिले : व्हॅनेडियम. कॅव्हन्साइटला निळे करणारे मूलद्रव्यही हेच. बेसॉल्टमध्ये व्हॅनेडियमचे प्रमाण दर दहा लाख भागांत काही शे भाग एवढेच. झिरपणाऱ्या पाण्याने ते लोहयुक्त खनिजांतून सोडवून घेतले. एका पोकळीत ते अपोफिलाइटच्या स्फटिकात किंचितसे मिसळले आणि हिरवी छटा देऊन गेले. दुसरीकडे ते इतके साठले की स्वतःचे वेगळे खनिजच तयार झाले.

अपोफिलाइट ओळखायला सोपा आहे. त्याच्या चौकोनी खांबाच्या चारही बाजू काचेसारख्या चकाकतात आणि त्यांवर उभ्या बारीक रेघा असतात. वरचा सपाट माथा मात्र मोत्यासारखा झळाळतो, कारण त्याच दिशेने त्याचे पापुद्रे सुटतात. रेघा आणि मोत्याची झळाळी एकत्र दिसली की खनिजाबद्दल शंका उरत नाही.

२००१ च्या सुमारास राहुरी तालुक्यात मोमीन आखाड्याला विहीर खणताना हिरव्या अपोफिलाइटचे गोळे निघाले. असंख्य लहान चकचकीत पृष्ठांमुळे बाजारात त्यांना 'डिस्को बॉल' हे नाव पडले. विहीर खणून झाली, पाणी लागले, आणि त्या पोकळ्यांचा विषय तिथेच संपला. नाशिकजवळ पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींतून पॉवेलाइट हे कॅल्शियम आणि मॉलिब्डेनमचे खनिज मिळाले. त्याचे तिथले पिवळसर, द्विपिरॅमिडी स्फटिक जगात अव्वल मानले जातात आणि लघुतरंग अतिनील दिव्याखाली ते मलईदार पिवळ्या रंगाने उजळतात. वाघोलीचा निळा, राहुरीचा हिरवा, नाशिकचा पिवळा. लाव्हा एकच, पण प्रत्येक गावच्या पाण्याने त्यातून वेगळे काहीतरी घडवले. म्हणूनच गावाचे नाव महत्त्वाचे.

सगळेच 'पुण्याचे'

गावांच्या या नावांबाबत गेल्या दोन शतकांत बरीच हेळसांड झाली. १८३१ मध्ये ब्रूक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने पुण्याहून आलेल्या नमुन्यातल्या सुईसारख्या स्फटिकांना 'पूनालाइट' असे नवे नाव दिले. पुढे ते स्वतंत्र खनिज नाही असे ठरले आणि नाव मागे पडले. पण एवढ्या आधीपासून दख्खनचे स्फटिक युरोपात पोचत होते, हे त्यावरून कळते. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून मुंबई-पुणे लोहमार्ग काढला गेला. बोगदे खोदताना अपोफिलाइट, स्टिल्बाइट, स्कोलेसाइट यांच्या मोठमोठ्या पोकळ्या उघड्या पडल्या आणि तिथले नमुने परदेशी संग्रहांत गेले. त्या काळच्या चिठ्ठ्यांवर 'पूना' एवढेच लिहिलेले सर्रास आढळते. घाटातला नमुना, देशावरचा नमुना, खाणीतला, विहिरीतला, सगळ्यांना तोच शिक्का.

एवढ्याने काय बिघडते? बिघडते ते असे. भूशास्त्रज्ञ जी. पी. एल. वॉकर यांनी आइसलंडमध्ये दाखवून दिले, की बेसॉल्टमधले झिओलाइट, म्हणजे स्टिल्बाइट, ह्युलँडाइट यांच्या गटातली खनिजे, ठरावीक पट्ट्यांत येतात आणि ते पट्टे तापमानाशी, म्हणजेच तो दगड किती खोल गाडला गेला होता याच्याशी बांधलेले असतात. झिओलाइट पाहून वरचा झिजून गेलेला थर किती जाड होता याचा अंदाज बांधता येतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले आर. एन. सुखेस्वाला आणि त्यांचे सहकारी अवसिया व गंगोपाध्याय यांनी १९७४ मध्ये पश्चिम भारतातल्या दख्खनसाठी असाच अभ्यास मांडला आणि लोमोंटाइट, स्कोलेसाइट, ह्युलँडाइट यांचे पट्टे दाखवले. असा नकाशा काढायचा तर प्रत्येक नमुना नेमका कोणत्या ठिकाणचा, किती उंचीवरचा, कोणत्या थरातला, हे माहीत असावे लागते. 'पूना' लिहिलेले शंभर सुंदर स्फटिक या नकाशावर एक ठिपकाही उमटवू शकत नाहीत. खाणीचे नाव आणि थर लिहिलेला एक ओबडधोबड तुकडा ते करू शकतो.

'सिल्वासा' या पत्त्याकडेही याच नजरेने पाहायला हवे. तो खोटा आहे असे समजण्याचे कारण नाही. बेसॉल्ट आहे, डाइक आहेत, खाणी आहेत, तेव्हा पोकळ्याही असणारच. पण ते शहर सगळ्या प्रदेशाचे मुख्यालय आणि बाजारपेठ आहे. स्फटिक दादऱ्याकडचा की खानवेलकडच्या डोंगरातला? आडव्या थरातल्या पोकळीतला की डाइकच्या कडेच्या भेगेतला? डाइकजवळ दगड पुन्हा तापतो आणि तिथले पाणी वेगळे काम करते, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर अभ्यासकाला हवेच असते. व्यापाऱ्याने खरेदीचे गाव लिहिले की खाणीचे गाव, हेही विचारायला हवे. चांगला पीस कुठून आला ते लपवण्याकडे धंद्याचा कल असतो, कारण जागा उघड केली की प्रतिस्पर्धी तिथे पोचतात.

खाणीतून कपाटात

या स्फटिकांसाठी कोणी खाण काढत नाही. खाण असते ती खडीसाठी. सुरुंग उडतो, पोकलेन दगड उचलते, डंपर भरतो आणि माल क्रशरला जातो. पोकळी उघडी पडली तर त्या क्षणी तिथे असलेल्या माणसाने हात आखडला तरच स्फटिक वाचतो. दगडाची नस जाणणारे वडार कारागीर घणाचा आवाज बदलला की आत पोकळ आहे हे ओळखतात. मग काम छिन्नीने आणि पहारीने, पोकळीच्या बाजूचा दगड सोडवत करायचे. स्फटिकाला हात न लावता त्याच्या बुडाचा दगड मोकळा करणे हे खरे कसब. निघालेला पीस कागदात गुंडाळून बाजूला ठेवला जातो आणि पुढे व्यापाऱ्याकडे जातो. दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास अमेरिकेत टुसानला भरणाऱ्या खनिजांच्या जत्रेत दख्खनचे झिओलाइट हमखास असतात. तिथल्या मोठ्या किमतीचा पाया असतो तो खाणीतल्या त्या सावध हाताचा.

नमुना घरी आणला की पहिली चूक होते ती धुताना. मातीचे डाग काढायला आम्ल वापरले तर कॅल्साइट विरघळतो आणि स्कोलेसाइटसारखे झिओलाइटही खराब होतात. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. लोमोंटाइटची जात आणखी नाजूक. खाणीतून निघाल्यावर हवेत त्यातले पाणी उडते आणि पांढरेशुभ्र खांब भुगा होऊन ढासळतात. ओकेनाइटचे मऊ तंतूंचे गोळे बोटाने दाबले की कायमचे चपटे होतात; त्यांवरची धूळ हवेच्या फुंकरीनेच काढावी.

विकत घेताना भिंग जवळ असावेच. ओकेनाइट मूळचा पांढरा किंवा दुधी. गडद गुलाबी, हिरवा किंवा निळा गोळा दिसला तर तो रंगवलेला. कॅव्हन्साइटचे सुटे गोळे स्टिल्बाइटवर चिकटवून विकण्याचे प्रकारही होतात. अशा वेळी गोळ्याच्या बुडाशी पाहावे. नैसर्गिक नमुन्यात दोन खनिजे एकमेकांत शिरलेली असतात. चिकटवलेल्यात मध्ये चकचकीत, बुडबुडे असलेला थर दिसतो आणि पुष्कळ गोंद अतिनील दिव्याखाली निळसर चमकतात.

आणि नोंद. खनिजाचे नाव चुकले तर प्रयोगशाळेत ते पुन्हा काढता येते. जागा चुकली तर ती कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही. म्हणून चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा आणि खाण, विहीर किंवा रस्त्याचे काम जे असेल ते लिहावे. सोबत मिळाल्याची तारीख, शक्य तर मोबाइलने घेतलेले अक्षांश-रेखांश, आणि नमुना स्वतः काढला की कोणाकडून घेतला तेही. नमुन्याच्या तळाशी लहान क्रमांक लिहावा आणि तोच वहीत. नमुना हातोहाती फिरला तर जुनी चिठ्ठी फेकू नये, नवीसोबत ठेवावी.

संग्रह इथेच हवेत

दख्खनचे सर्वोत्तम स्फटिक पाहायला परदेशी जावे लागावे, ही स्थिती आता थोडी बदलली आहे. माजी नौसैनिक के. सी. पांडे यांनी २००१ मध्ये सिन्नरला 'गारगोटी' हे खनिज संग्रहालय उभे केले आणि नाशिक-पुण्याच्या खाणींतून निघालेले वैभव मराठी मुलांना डोळ्यांनी पाहता आले. शाळांच्या सहली तिथे जातात ही समाधानाची गोष्ट आहे.

पण एक संग्रहालय पुरे पडणार नाही, कारण खाणी थांबत नाहीत आणि टिकतही नाहीत. कांदिवली-मालाड भागातल्या खाणींनी एके काळी प्रेहनाइट आणि बॅबिंग्टोनाइटचे नामांकित नमुने दिले. मुंबई वाढली तशा त्या बंद पडल्या. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. सिल्वासा आणि पालघरच्या पट्ट्यात रस्ते, कारखाने, लोहमार्ग यांसाठी दगड आज फुटतो आहे. जी पोकळी आज उघडेल ती उद्या खडी होईल, आणि त्या जागेवर पुढे इमारत उभी राहील. त्या जागेचे नंतर काय उरेल, तर कोणी तरी नोंद करून ठेवलेले दोन-चार नमुने.

हे काम फार पैशाचे नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयात एक कप्प्यांचे कपाट, एक वही आणि खाणमालकाशी बोलायला तयार असलेला एक शिक्षक पुरतो. महागडा, अव्वल पीस बाजारात जाऊ द्यावा. त्यावर खाणीतल्या माणसाला चार पैसे मिळतात. तुटका, पण पूर्ण पत्ता असलेला तुकडा कपाटात ठेवावा. पन्नास वर्षांनी एखादी विद्यार्थिनी या पट्ट्यावरून किती जाडीचा लाव्हा झिजून गेला हे मोजायला बसेल, तेव्हा तिला लागणारा पुरावा तोच तुकडा असेल.